'एनटीएलडीआर इज मिसिंग'

विंडोज एक्सपीचा जुना संगणक सुरू करावा आणि काळ्या पडद्यावर एवढीच पांढरी ओळ यावी, की बहुतेक जण थेट फॉरमॅटची भाषा बोलू लागतात. एवढी घाई नको. एनटीएलडीआर ही सी ड्राइव्हवर, कोणत्याही फोल्डरबाहेर असलेली छोटी फाइल. विंडोजला उठवायचं काम तिचं.

आधी फ्लॉपी किंवा पेन ड्राइव्ह आत राहून गेलाय का ते बघा. संगणक त्यावरूनच सुरू होऊ पाहतो आणि हीच तक्रार करतो. तसं नसेल, तर एक्सपीची मूळ सीडी घालून संगणक तिच्यावरून सुरू करा. सेटअपच्या पहिल्या पडद्यावर 'आर' दाबलं की रिकव्हरी कन्सोल उघडतो. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागेल. ठेवलाच नसेल तर नुसतं एंटर. मग सीडीवरच्या 'आय३८६' फोल्डरमधून एनटीएलडीआर आणि एनटीडिटेक्ट या दोन फाइली 'कॉपी' आज्ञेनं सी ड्राइव्हवर आणायच्या. तुमचे फोटो, हिशेब जागच्या जागी राहतात.

फाइल पुन्हा गायब झाली, तर मात्र संशय हार्ड डिस्कवर घ्या आणि डेटा आधी दुसरीकडे उतरवा. शिवाय मायक्रोसॉफ्टनं सुरक्षा अपडेटसह एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबवलाय. दुरुस्त झालेला संगणक इंटरनेटला न जोडलेलाच बरा.