सूचना म्हणजे कुलूप नव्हे

मंडळी, आता मुद्दा असा, की एआय एजंटच्या हातात नेमकं काय द्यायचं? जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एजंटनं एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कोणतेही बदल करायचे नाहीत, असं बजावलेलं असतानाही! का? कारण सूचना हा शेवटी मजकूर असतो. मॉडेल तो बहुतेक वेळा पाळतं, नेहमी नाही. पुसण्याचा अधिकार मात्र एजंटकडे होताच.

म्हणून बंधन डेटाबेसमध्येच घालायचं. एजंटला स्वतःचं वेगळं खातं द्या, तुमचं वापरू देऊ नका. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये त्या खात्याला फक्त ‘सिलेक्ट’ची, म्हणजे वाचण्याची परवानगी दिली, की ‘डिलीट’ची आज्ञा सर्व्हरच नाकारतो. मग एजंटचा कितीही गैरसमज होवो. लिहिण्याची गरज असेलच, तर डेटाच्या वेगळ्या प्रतीवर लिहू द्या. काय बदललं ते माणसानं तपासायचं आणि मगच ते बदल मूळ डेटात घ्यायचे.

हो, यात वेळ जातो. पण वाचताना चुकलं तर पुन्हा वाचता येतं. पुसलेल्याचं तसं नाही. त्या ग्राहकाचा डेटा नंतर परत मिळाला. आपला मिळेलच असं नाही.