पिनहोल कॅमेरा: विकत घ्यायचा की घरी करायचा?
2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर आपल्याकडं खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पोरं नुसत्या डोळ्यानं बघतात, नजर कायमची अधू होऊ शकते. पोरीसाठी मी पिनहोल ऑनलाइन मागवला, तर आत पुठ्ठाच निघाला! फोटो काढायचे असतील तर विकतचा ठीक, पण फिल्म धुवून देणारं आता आपल्या तालुक्याला कुणी नाही. ग्रहणाला घरचाच बास.

मीटरभर लांब खोक्याच्या एका टोकाला भोक पाडून त्यावर फॉईल चिकटवा, सुईनं टोचा. दुसऱ्या टोकाला आतून पांढरा कागद, त्याच्याजवळ बघायला खिडकी. सूर्याकडं पाठ करून फॉईलचं टोक सूर्याकडं धरा. कागदावर साधारण 9 मिलिमीटरचा सूर्य उमटतो. खोकं आखूड तर सूर्य बारीक. भोकातून सूर्याकडं मात्र बघायचं नाही. पावसाळा आहे, ढग आले तर इलाज नाही.