कायदा आणि आपण (भाग 9) : दुसऱ्यांदा सापडला तर?

अंगारकीला गणपतीपुळ्यात दर्शनाची रांग लागली की पाकिटं, दागिने सांभाळा, ही सूचना ठरलेली. एखादा खिसेकापू सापडलाच तर लोकांचं बोलणंही ठरलेलं. हे नेहमीचेच, उद्या सुटतील, पुढच्या अंगारकीला परत हजर. अशा नेहमीच्यांना कायद्यात वाढीव शिक्षा नाही का?

आहे, आणि जुनी आहे. भारतीय दंड संहितेचं कलम 75 त्यासाठीच होतं. तीन वर्षं किंवा जास्त कैदेच्या मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यात आधी शिक्षा झालेल्याने पुन्हा तसाच गुन्हा केला, तर दहा वर्षं, अगदी जन्मठेपसुद्धा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम 13 झालं. शिवाय चोरीच्या कलम 303 मध्ये भर पडली. चोरीत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्ष सक्तमजुरी, कमाल पाच वर्षं, वर दंड. उलट पहिल्यांदाच दोषी ठरला, माल पाच हजारांच्या आतला असला आणि तो परत केला, तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार दंड, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत किंवा 15 हजार. मटक्याच्या अड्डेवाल्यासाठीही जुगारबंदीच्या कायद्यात अशाच चढत्या शिक्षा आहेत.

मग घोडं अडतं कुठे? कायदा अटका मोजत नाही, दोषसिद्धी मोजतो. पाच वेळा पकडलेला माणूस एकाही खटल्याचा निकाल लागला नसेल तर न्यायालयापुढे कोराच असतो. आधीची शिक्षा दोषारोपात नमूद करून ती कागदपत्रांनी सिद्ध करावी लागते. आता दोन हजारांचं पाकीट गेलेला पुण्याचा भाविक साक्षीसाठी रत्नागिरीच्या कोर्टात किती हेलपाटे मारणार? त्यात समाजसेवेच्या सवलतीत बसणारी छोटी चोरी नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अदखलपात्र ठरवली आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपासच नाही. पहिली चोरीच नोंदीत नीट आली नाही, तर दुसरी मोजायची कुठून?

म्हणून पोलीस दुसरी वाट धरतात. एक, चॅप्टर केस. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे सराईताकडून तीन वर्षांपर्यंत चांगल्या वर्तणुकीचा बाँड. दुसरी, तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 55 ते 57 खाली माणसाला जास्तीत जास्त दोन वर्षं जिल्ह्याबाहेर घालवता येतं. कलम 56 मध्ये साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत, असं अधिकाऱ्याचं मत झालं की पुरतं. गोपनीय जबाबांवर काम भागतं. मला ही वाट धोक्याची वाटते. जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये दोन वर्षांची तडीपारी रद्द केली. हा असाधारण उपाय आहे, त्याने माणसाचं मुक्त संचाराचं स्वातंत्र्य आणि रोजीरोटी दोन्ही जाते, तो सरधोपट वापरू नका, असं बजावलं.

सराईत कोण, हे ठरवण्याचा आपला इतिहासही बरा नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच शिक्का मारला. या जमातींना कोंडून ठेवणाऱ्या सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण त्याच कायद्याच्या काळातलं. 1952 मध्ये तो कायदा गेला, तरी सराईत गुन्हेगारांसाठी स्वतंत्र कायदे आले आणि संशय पुन्हा पारधी वस्तीकडेच वळत राहिला.

शिक्षा नुसती वाढवून भागतं, हेही खरं नाही. कॅलिफोर्नियात 1994 च्या 'तीन गुन्हे' कायद्याखाली गोल्फच्या तीन काठ्या चोरणाऱ्या जुन्या गुन्हेगाराला 25 वर्षं ते जन्मठेप झाली आणि 2003 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. 2012 मध्ये मतदारांनीच तो कायदा सैल केला. 2024 मध्ये त्याच मतदारांनी वारंवारच्या भुरट्या चोऱ्यांवर पुन्हा कडक कायदा आणला!

आपल्याकडे कलमं पुरेशी आहेत, छोटे खटले संपत नाहीत. भाविक परगावचा असेल तर त्याची साक्ष व्हिडिओवरून घ्यायला नव्या प्रक्रिया संहितेत वाव आहे. रत्नागिरीच्या कोर्टाने तो सर्रास वापरला, तर कलम 303 चं ते किमान एक वर्ष कागदावरून खाली उतरेल.

पुढच्या भागात : तडीपारीची नोटीस आली तर काय करायचं, आणि 30 दिवसांतलं अपील.