राजे बदलले, पत टिकली

व्यापाराचा उगम सांगताना आधी वस्तुविनिमय, मग नाणे आणि सर्वांत शेवटी उधारी असा क्रम लावायची आपल्याला सवय आहे. १७७६ मध्ये ॲडम स्मिथने तो मांडला आणि पाठ्यपुस्तकांनी तो पक्का केला. पण निव्वळ वस्तुविनिमयावर चालणारा समाज कुठेच आढळलेला नाही, असे मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलिन हम्फ्री यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले. व्यापार मुळात पतीवर उभा राहतो, नाणे ही तिची सोय आहे, हे माझे म्हणणे. त्याचा पुरावा नाशिकच्या डोंगरात कोरलेला आहे.

पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३,००० कार्षापण (नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले: एकीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने, तर दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजच वापरायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते. वर्षावासातील (पावसाळी मुक्कामातील) वीस बौद्ध भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा, हा हिशेब त्यात चोख बसतो. हा व्यवहार निगमसभेत (नगरसभेत) जाहीर झाला आणि त्याची नोंद झाली. एकाच गावात, एकाच धंद्यातल्या दोन श्रेणींचे दर वेगळे आहेत, तेव्हा ते राजाज्ञेने नव्हे, बोलणी करून ठरले असावेत.

यावर पहिला आक्षेप असा, की हे दान आहे, व्यापार नव्हे. पण दरमहा व्याज कायमचे देण्याचे वचन जो घेतो, त्याला ते पैसे सुतात, मागात आणि मालात फिरवावेच लागतात. पेटीत ठेवलेल्या मुद्दलाला व्याज सुटत नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: या समृद्धीचे श्रेय रोमच्या मागणीला द्यावे. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार होती, आणि पैठण व तेरचा माल गाड्यांनी भडोच बंदराला जाई असे ‘पेरिप्लस’ हा प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शक ग्रंथ सांगतो. मागणीने व्यापार वाढला, हे खरेच. पण दूरच्या बाजारासाठी माल काढायचा तर आधी भांडवल गोळा करणारा आणि शब्द पाळणारा कोणीतरी गावात असावा लागतो, आणि तो मागणीतून आपोआप निपजत नाही.

तिसरा आक्षेप राजसत्तेचा: तिच्या धाकाशिवाय वचन कोण पाळणार? याचे उत्तर काळानेच दिले. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. क्षहरात गेले, सातवाहन आले, तेही गेले. पुढे तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात, विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव ठेवली, ती पुन्हा गोवर्धनच्याच श्रेणींकडे. कुंभार, जलयंत्रे करणारे आणि तेली त्यात होते. तीन सत्तांच्या उलथापालथीतही ठेव ठेवण्याची ती जागा लोकांनी सोडली नाही. या पतीला मर्यादा होती: श्रेणी म्हणजे एका धंद्याचा गट, आणि त्याबाहेरच्याला ती सहज मिळत नसणार. तरीही उषवदात आणि विष्णुदत्ता यांनी ज्यावर विसंबून पैसे दिले, तो राजाचा ठसा नव्हता. ती कारागिरांची जाहीर आणि नोंदलेली जबाबदारी होती. व्यापाराचा पाया शोधायचा तर तो टांकसाळीत नव्हे, या जबाबदारीत शोधावा लागतो.