तिच्या खांद्यावरचं जहाज

अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाच्या ४ मार्च १९४४च्या अंकावर नॉर्मन रॉकवेल यांचं एक चित्र झळकलं. नौदलातला एक गडी दंड उघडा टाकून बसला आहे आणि गोंदणारा त्यावर ‘बेटी’ हे नाव काढतो आहे. बेटीच्या वर आधीच्या जणींची यादी आहे: सेडी, मिमी, ओल्गा आणि आणखी काही. प्रत्येक नावावर काट मारलेली. मागच्या भिंतीवर गोंदणाच्या नमुन्यांचे तक्ते. गोंदणारा म्हणून रॉकवेल यांनी आपल्या शेजारच्या चित्रकाराला, मीड शेफर यांना बसवलं होतं.

खलाशाच्या अंगावर बाई, हा झाला जुना प्रकार. त्याच परंपरेतून आलेल्या दुसऱ्या एका चित्रप्रकारात मात्र अदलाबदल होते. तिथे बाईच्या खांद्यावर शिडाचं जहाज असतं, गळ्याखाली दोन पाकोळ्या, मनगटावर नांगर, पाठीवर जलपरी. पाहणाऱ्याला वाटतं, बाई रंगवायची आणि तिच्या अंगावर चार चित्रं काढायची, यात काय एवढं? काढायला बसलं की कळतं, की इथे एका चित्रात दुसरं चित्र आहे आणि दोघांचे कायदे वेगळे आहेत. बाईला गोलाई आहे, तिच्यावर उजेड पडतो, सावली पडते. तिच्या अंगावरचं जहाज मुळात सपाट कागदावर जन्मलेलं असतं.

त्या सपाट कागदाला गोंदणाऱ्यांच्या धंद्यात ‘फ्लॅश’ म्हणतात. दुकानाच्या भिंतीवर टांगायचा नमुन्यांचा तक्ता. गिऱ्हाइकाने बोट ठेवायचं, गोंदणाऱ्याने काढायचं. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांनी १८९१ साली विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचं पेटंट घेतलं. त्याची कल्पना एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून घेतलेली होती. यंत्रामुळे काम झपाट्याने होऊ लागलं आणि तयार नमुन्यांची मागणी वाढली. बंदरावर उतरलेल्या खलाशाकडे वेळ थोडा असायचा, म्हणून नमुना लांबून ओळखू यायला हवा आणि पटकन उरकायलाही हवा. जाड काळी रेघ, ठसठशीत काळी छाया आणि लाल, हिरवा, पिवळा असे मोजके रंग, ही शैली या गरजेतून घडली.

या शैलीचं सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे नॉर्मन कॉलिन्स, ऊर्फ ‘सेलर जेरी’ (१९११–१९७३). तरुणपणी ते अमेरिकेच्या नौदलात होते. पुढे हवाईतल्या होनोलुलूमध्ये त्यांनी दुकान थाटलं. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या हॉटेल स्ट्रीटवर रजेवरच्या सैनिकांची झुंबड उडायची. कॉलिन्स यांच्या तक्त्यांवर खलाशी टोपी घातलेल्या मुली, हुला नाचणाऱ्या हवाईयन तरुणी, जलपऱ्या यांची रेलचेल असे. जपानमधले गोंदणकार होरीहिदे यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. अंगभर एकच रचना खेळवण्याची जपानी नजर त्यांनी अमेरिकन ठसठशीतपणाशी जोडली.

असा तक्ता रंगवण्याची रीत आजही फारशी बदललेली नाही. आधी पेन्सिलीचं रेखाटन, मग ट्रेसिंग कागदावर ते साफ करणं, मग जाड जलरंग-कागदावर पक्क्या काळ्या शाईची रेघ. त्यानंतर छाया. दोन कुंचले घ्यायचे. एकाने काठावर काळी शाई लावायची आणि ती वाळण्याआधी दुसऱ्या ओल्या कुंचल्याने आतल्या बाजूला ओढत विरवत न्यायची. जुने कारागीर हा दुसरा कुंचला सरळ जिभेवर ओला करत. थुंकी पाण्यापेक्षा दाट, त्यामुळे शाई एकदम पसरत नाही आणि छटा हळूहळू उतरते. रंग सर्वांत शेवटी. एक ढोबळ हिशेबही सांगितला जातो: तिसरा हिस्सा काळा, तिसरा हिस्सा रंग आणि तिसरा हिस्सा कोरी कातडी.

खुणांनाही व्याकरण आहे. पाकोळी म्हणजे पाच हजार सागरी मैलांचा प्रवास. कासव म्हणजे विषुववृत्त ओलांडलं. पूर्ण शिडांचं जहाज म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नला वळसा घातला. पायांवर डुक्कर आणि कोंबडा असले की माणूस बुडत नाही, अशी समजूत. चित्रकाराने हे पाठ केलं तरी एक चूक हमखास होते. शिडात मागून वारा भरलेला असेल, तर डोलकाठीवरचं निशाणही पुढच्याच दिशेला फडकायला हवं. हौशी चित्रांत ते मोटारीवरच्या झेंड्यासारखं मागे उडताना दिसतं. समुद्रावर गेलेला माणूस ते पाहून गालात हसतो.

आता बाईकडे वळू. समुद्राच्या खुणा अंगावर मिरवणारी बाई ही काही चित्रकारांच्या डोक्यातून निघालेली नाही. मार्टिन हिल्डेब्रँट हे जर्मनीतून अमेरिकेत आलेले नाविक. जहाजावर शिकलेल्या या कलेवर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये दुकान चालवलं. त्यांची सहचरी नोरा १८८२ साली तिकीट लावून लोकांपुढे उभी राहू लागली. अंगावर ३६५ चित्रं असल्याची जाहिरात होई. आदिवासींनी पळवून नेऊन जबरदस्तीने गोंदलं, अशी खोटी कहाणीही सोबत सांगितली जाई. सर्कशीत कसरती करणाऱ्या मॉड यांची गोष्ट याहून मोकळी. १९०४च्या सेंट लुइस इथल्या जागतिक प्रदर्शनात त्यांना गस वॅग्नर भेटले. हेही दर्यावर्दी आणि सुईने हातगोंदण करणारे. त्यांनी मॉडना फिरायला येण्याची गळ घातली, तेव्हा मॉडनी अट घातली की बदल्यात गोंदायला शिकवायचं. पुढे दोघांनी लग्न केलं आणि मॉड अमेरिकेतल्या पहिल्या नामवंत स्त्री-गोंदणकारांपैकी एक ठरल्या.

अशा बायका चित्रकारांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. जर्मन चित्रकार ओटो डिक्स यांनी १९२० साली ‘सुलायका, गोंदलेलं आश्चर्य’ या अर्थाच्या नावाचं तैलचित्र केलं. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून परतलेला हा माणूस सर्कस, बंदरं आणि खलाशी पुन्हापुन्हा रंगवत होता.

प्रत्यक्ष काम सुरू होतं ते कोऱ्या बाईपासून. समोर बसवलेली मॉडेल किंवा तिची छायाचित्रं पाहून चित्रकार आधी निव्वळ शरीर पक्कं करतो: उजेड कुठून येतो, खांद्याचं हाड कुठे वर येतं, मान वळल्यावर कुठे खळगा पडतो. मग जहाज वेगळ्या कागदावर सपाट काढायचं आणि ते खांद्यावर बसवायचं. इथेच पहिली फजिती होते. दंड हा नळकांड्यासारखा, त्यामुळे समोरची डोलकाठी सरळ दिसते, पण कडेकडे जाताना काठ्या वाकतात आणि त्यांच्यामधलं अंतर आवळत जातं. सोपा उपाय म्हणजे जहाजाचा कागद बाटलीभोवती गुंडाळून पाहायचा. त्याहून चांगला उपाय म्हणजे मॉडेलच्या दंडावर बॉलपेनने आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढायची आणि ती कशी वाकते ते टिपायचं. जाळी वाकेल तसं जहाज वाकवायचं.

दुसरी अडचण रंगाची आहे आणि मराठी वाचकाला ती चटकन उमगेल. आजीच्या हातावरचं गोंदण आठवून पाहा. काजळी काळी, पण हातावरची तुळस किंवा ठिपके दिसतात हिरवट-निळसर. गोंदणाचा रंग कातडीच्या वरच्या थरात नसतो, त्याखालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल बसतो. वरची कातडी झिजून बदलत राहते, पण खालचा रंग तिथल्या रोगप्रतिकारक पेशी गिळून धरून ठेवतात. ती पेशी मेली की सुटलेला रंग तिच्या जागी आलेली पेशी उचलते, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं. आपण तो रंग कातडीतून पाहतो. वाटेत उजेड विखुरतो आणि काळ्याला निळी-हिरवी झाक येते. वर्षं सरली की रेघही फुटते, पसरते.

म्हणून कुंचल्यात निव्वळ काळा भरून जहाज काढलं, तर ते अंगात मुरलेलं दिसत नाही, अंगावर चिकटवल्यासारखं दिसतं. तैलरंगात काम करणारे काळ्यात निळा, हिरवा आणि त्या जागेचा कातडीचा रंग मिसळून गोंदण पातळ थरांत चढवतात. सावलीतली रेघ आणि उजेडातली रेघ एका रंगाची ठेवून चालत नाही. आणि खांद्यावरची चकाकी गोंदणाच्या वरून गेली पाहिजे. शीड कितीही काळं असलं तरी त्यावरची कातडी चमकणारच. एवढा एक फिकट फटकारा योग्य जागी पडला की जहाज कातडीखाली जातं.

या साऱ्या प्रकाराचा एक दूरचा पूर्वज ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे. कॅप्टन कुक यांच्या ताफ्याने १७६९ साली ताहिती बेटावर ‘तताऊ’ हा शब्द ऐकला, त्यावरूनच इंग्रजीत ‘टॅटू’ आला. कुक यांच्या तिसऱ्या सफरीवर जॉन वेबर हे चित्रकार होते. त्यांनी रायातेआ बेटावरच्या सरदाराची मुलगी पोएदुआ हिचं चित्र केलं. कमरेला पांढरं सालीचं कापड, केसांत पांढरी फुलं, हातात माश्या वारायची चवरी, हातांवर बारीक गोंदण आणि चेहऱ्यावर मंद हसू. मागे झाडी आणि आभाळ.

ती झाडी नंतर रंगवलेली आहे. नोव्हेंबर १७७७मध्ये कुक यांच्या ताफ्यातले दोघे पळून गेले होते. ते परत मिळावेत म्हणून पोएदुआला, तिच्या भावाला आणि नवऱ्याला ‘डिस्कव्हरी’ जहाजावर बोलावून अडकवून ठेवण्यात आलं होतं. वेबर यांनी तिला पाहून रेखाटलं ते याच काळात, असं मानलं जातं. पळालेले सापडल्यावर तिघांना सोडून दिलं. या चित्राच्या एकाहून अधिक प्रती वेबर यांनी केल्या आणि १७८५ साली लंडनच्या रॉयल अकादमीत एक प्रेक्षकांपुढे मांडली. तिच्या मनगटावरचे ठिपके त्यात आहेत, जहाज मात्र कुठेच नाही.