स्टीमरमधला सह्याद्री

लग्नसराई आणि गंगापूर धरणाच्या घटत्या साठ्याच्या बातम्या नाशिकला दर मे महिन्यात जोडीनेच येतात. कपात होणार की टळणार, याचा घोळ महापालिका घालत बसते; सोसायटीत तोवर बोअर सुरू होतो, टँकर येतो आणि कपड्यांचा स्टीमर वाफेसोबत पांढरे ठिपके थुंकायला लागतो. तेही नेमके येवल्याच्या पैठणीवर.

दुरुस्तीवाला यंत्राला नावं ठेवतो, घरचे कंपनीला. खरा दोषी पायाखाली आहे. धरणाचं पाणी म्हणजे बहुतांशी घाटमाथ्यावरचा पाऊस. खडकाशी त्याचा संबंध थोडाच येतो. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून वर्षानुवर्षं मुरत कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन वर येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा, तुमच्या बोअरचा ४०० आहे. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात. दहा लिटरमागे चार ग्रॅमपर्यंत! स्टीमरच्या अरुंद वाटा बुजायला एवढे पुरेत.

उपाय किराणा दुकानात मिळतो. लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवायचं, टाकीत भरायचं, थोडी वाफ येऊ द्यायची म्हणजे द्रावण आतपर्यंत पोचतं, मग यंत्र बंद करून अर्धा तास सोडून द्यायचं. सतत उकळत ठेवू नका. उष्णतेत कॅल्शियम सायट्रेटच साका होऊन बसतं. नंतर साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन पहिली वाफ जुन्या फडक्यावर सोडा, रेशमावर नको. काही कंपन्या व्हिनेगर काय, कुठलंच आम्ल चालवून घेत नाहीत, तेव्हा आधी पुस्तिका उघडा.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे. पाणी जड करणाऱ्या याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक वाढतात, आणि पाणी मऊ करण्याची विद्या या खनिजांकडेच आहे! ते आपल्या जाळीतलं सोडियम सोडून देतात आणि कॅल्शियम धरून ठेवतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट गान्स या जर्मन रसायनतज्ज्ञाने कृत्रिम झिओलाइट वापरून पाणी मऊ करण्याचं तंत्र उभं केलं. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे गेले आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला मिळतात. शिर्डीला जाणारी गर्दी त्या बाजूने जाते आणि बहुतेक गाड्या थांबत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

अर्थात सॉफ्टनर लावला की स्टीमरची कटकट संपली, असं नाही. कॅल्शियमच्या जागी सोडियम आलं तरी वाफेमागे क्षार उरतातच. फक्त ते पाण्याने धुऊन निघतात. अतिनील दिव्याचा फिल्टर जंतू मारतो, जडपणाला हातही लावत नाही. आरओचं पाणी मात्र स्टीमरला उत्तम. पण काटकसर म्हणून आरओच्या दुसऱ्या नळीतून पडणारं पाणी टाकीत भरणारी घरंही शहरात कमी नाहीत. त्यात मूळ पाण्याहून जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला ठेवा.