जुन्या संगणकाचा पासवर्ड विसरला तर हिशेब कसा वाचवावा?

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी कापड, किराणा, भांडी, फर्निचर, शिलाई अशा धंद्यांतील कित्येक घरांत एखादा जुना संगणक अजून जपून ठेवलेला असतो. त्यावर विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ असते. रोजचे व्यवहार मोबाईलवर गेले तरी मागील वर्षांची उधारी, बिले आणि गिऱ्हाइकांची मापे त्यातच राहतात. एखाद्या दिवशी जुना हिशेब काढण्यासाठी संगणक चालू करावा, तर पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द कोणालाच आठवत नाही. कधी तो लावणारा मुलगा नोकरीसाठी परगावी गेलेला असतो, कधी हिशेब पाहणारे वडील हयात नसतात.

आपल्या भागात कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर उधारी फेडण्याची रीत आहे. कोणाकडे किती येणे आहे हेच सांगता आले नाही तर ती रक्कम बुडाल्यात जमा होते, आणि आपण कोणाचे देणे लागतो हेही कळत नाही. शिवाय जीएसटी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावा लागतो. म्हणून घाईने 'सगळे पुसून नवे विंडोज टाका' असे कोणालाही सांगू नये, हे आमचे पहिले सांगणे आहे.

पासवर्ड आणि हिशेब वेगळे

विंडोज पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. त्यावरून गणिताने काढलेली एक खूण डिस्कवर ठेवते आणि आपण टाकलेल्या शब्दाची खूण तिच्याशी जुळली की दार उघडते. म्हणून विसरलेला शब्द सहसा वाचून दाखवता येत नाही, पण बदलता किंवा काढून टाकता येतो. हिशेबाच्या फाईली मात्र त्याच डिस्कवर बहुधा साध्या स्वरूपात असतात. दाराचे कुलूप अडले म्हणून आतला माल जळत नाही, तसेच हे आहे.

आधी घरी करून पाहावे

की-बोर्डवरील कॅप्स लॉक चालू आहे का, आकड्यांसाठी नम लॉक बंद आहे का, आणि भाषा इंग्रजीऐवजी हिंदी-मराठी झाली आहे का, हे पाहावे. एक्सपीत पासवर्डच्या चौकटीजवळ प्रश्नचिन्ह दिसले तर ते दाबावे. पूर्वी लिहून ठेवलेली आठवणीची खूण दिसते. विंडोज ७ मध्ये एकदा चुकीचा शब्द टाकल्यावर ती खूण येते.

घरातील दुसऱ्या कोणाचे प्रशासकाचे अधिकार असलेले खाते त्यावर असेल, तर त्यातून कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन अडलेल्या खात्याचा पासवर्ड बदलता येतो. एक्सपी होममध्ये संगणक सुरू होताना एफ-८ दाबून सेफ मोड निवडला की 'ॲडमिनिस्ट्रेटर' हे लपलेले खाते दिसते. त्याला पुष्कळदा पासवर्डच नसतो. एक्सपी प्रोफेशनलमध्ये स्वागताच्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या तीन कळा एकत्र दोनदा दाबल्यास नाव टाकण्याची चौकट येते. विंडोज ७ मध्ये हे खाते मुळातच बंद ठेवलेले असते, त्यामुळे तेथे हा उपाय सहसा चालत नाही.

विंडोज दिसण्यापूर्वीच काळ्या पडद्यावर पासवर्ड मागितला जात असेल, तर तो मदरबोर्डवरचा म्हणजे बायोसचा असतो. पुष्कळशा जुन्या डेस्कटॉपमध्ये वीजजोड काढून सीआर-२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी काही मिनिटे बाजूला ठेवली की तो जातो. लॅपटॉपमध्ये असे होईलच असे नाही.

आधी नक्कल, मग दुरुस्ती

वरील उपायांनी काम झाले नाही तर हार्ड डिस्क काढून यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावावी. फार जुन्या डिस्कला रुंद पट्टीची आयडीई व नंतरच्यांना अरुंद साटा जोडणी असते, त्याप्रमाणे जोड घ्यावा. एक्सपीत कागदपत्रे 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये आणि विंडोज ७ मध्ये 'यूजर्स'मध्ये सापडतात. टॅलीत प्रत्येक कंपनीचा हिशेब आकडी नावाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये असतो. तो फोल्डर पूर्ण उचलावा. नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यावरच मूळ डिस्कला हात लावू द्यावा.

जेथे उपाय चालत नाही

टॅलीतील टॅली व्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर तो परत मिळत नाही, कारण तेथे हिशेबच सांकेतिक रूपात बदललेला असतो. विंडोजमधून ज्या फाईली अशा कुलूपबंद केल्या आहेत त्यांचेही तसेच. एक्सपी व विंडोज ७ मध्ये त्यांची नावे साधारणपणे हिरव्या अक्षरांत दिसतात. अशा फाईली असतील तर दुसऱ्या खात्यातून पासवर्ड बदलल्यावर त्या कायमच्या बंद होऊ शकतात. अशा वेळी जुनी छापील बिले, बँकेचे उतारे आणि हिशेब तपासनीसाकडील प्रती यांवरून खाते पुन्हा उभे करावे लागते.

दुरुस्तीला देताना

शक्यतो समोर बसून काम करून घ्यावे. डिस्कमध्ये घरातील फोटो, आधारच्या प्रती, बँकेची माहिती असते. ती अमानत आहे, हे दुरुस्ती करणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे. दुसऱ्याचा संगणक त्याच्या परवानगीवाचून उघडणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ चा भंग आहे, आणि बेइमानीने केल्यास कलम ६६ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून कारागिरांनी अनोळखी माणसाने आणलेला संगणक उघडण्यापूर्वी खरेदीची पावती किंवा ओळख विचारावी.

पुढची काळजी

काम झाल्यावर तोच संगणक इंटरनेटला जोडून वापरू नये. एक्सपीची सुरक्षा सुधारणा ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. हिशेबाच्या दोन नकला काढून एक घरी व एक दुकानात ठेवावी. पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात, जमिनीच्या व दुकानाच्या कागदांसोबत ठेवावा, आणि ते पाकीट कोठे आहे हे घरातील आणखी एका जबाबदार व्यक्तीला, मग ती पत्नी असो वा मुलगी, सांगून ठेवावे. आपल्यामागे येणे-देणे कोणाला शोधत बसावे लागू नये, यासाठी एवढी तजवीज प्रत्येक व्यापारी बंधूने आजच करावी, असे आम्ही सुचवतो.